हाड जुळलं, पण पाय परत आला का?

‘हाड जुळलंय ना, मग लाग पळायला.’ पायाचं प्लॅस्टर काढून आलेल्या पोराला गावात पहिला सल्ला हा मिळतो. दुसरा सल्ला त्याच ओट्यावर बसलेला दुसरा माणूस देतो, ‘वर्षभर त्या पायाला त्रास देऊ नकोस, नाजूक झालाय तो.’ दोघंही मनापासून बोलत असतात. दोघांनीही आयुष्यात मोडलेले, मुरगळलेले पाय पाहिलेले असतात. तरीही दोघं मिळून त्या पोराचं नुकसान करतात. पहिल्याचं ऐकलं तर पाय पुन्हा दुखावतो, दुसऱ्याचं ऐकलं तर तो लंगडतच राहतो. हे दोन्ही सल्ले इतकी वर्षं शहाणपण म्हणून चालत आले आहेत की त्यांना कुणी जाब विचारत नाही. तो विचारायला हवा.

नंदुरबार आणि दोंडाईचा यांच्या मधलं रनाळे घ्या, किंवा आजूबाजूचं कुठलंही गाव घ्या. इथे पायावर पोट चालतं. मिरची तोडणारी बाई दिवसाचा मोठा भाग वाकून नाहीतर उकिडवी बसून काढते. घोटा नीट वाकत नसेल तर तिला उकिडवं बसताच येत नाही. कापूस वेचायला जाणारीला ढेकळांच्या रानातून चालायचं असतं. ऊसतोडीला जाणाऱ्याला डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं. आणि पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी असतात, भरतीची. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मैदानात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचं दारही उघडत नाही. घरात कुणी नोकरदार नसलेल्या मुलाच्या दृष्टीने त्याचा घोटा हीच त्याची पदवी असते. अशा गावात दुखावलेल्या पायाचा विचार तेल, पट्टी आणि नशीब यांच्यावर सोपवला जातो, याचा मला राग येतो.

प्लॅस्टरच्या आत काय घडतं ते आधी पाहू. पाच-सहा आठवड्यांनी कटरने प्लॅस्टर कापलं जातं आणि आतून जो पाय बाहेर येतो, तो आपला वाटत नाही. कातडी कोरडी, खवले पडलेली. घोटा सुजल्यासारखा आणि त्याच्या वर पोटरी बारीक झालेली. शिंप्याची टेप घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या तर फरक डोळ्यांनीच दिसतो. पाऊल वर खेचायला सांगितलं तर ते काटकोनाच्या अलीकडेच अडतं. उभं राहिल्यावर माणूस सगळा भार चांगल्या पायावर घेतो. चालायला लागला की दुखऱ्या पायाचं पाऊल बाहेरच्या बाजूला वळवून टाकतो, कारण तसं टाकलं की घोटा वाकवावा लागत नाही. टाच आधी टेकायची, मग भार चवड्यावर यायचा, मग अंगठ्याने जमीन मागे ढकलायची, हा चालण्याचा जो क्रम तो वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी शिकला होता, तो मोडलेला असतो. तो अख्खं पाऊल एकदम टेकवतो आणि एकदम उचलतो.

हे काही आठवड्यांत आपोआप सुटतं, असं समजलं जातं. पुष्कळदा सुटत नाही. दुखणं गेल्यावरही लंगडणं उरतं, कारण शरीराने ती चाल शिकून घेतलेली असते. मग वर्षभराने गुडघा धरतो, कंबर धरते, आणि त्याचा संबंध त्या जुन्या घोट्याशी कुणी लावत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस नुसते दात आणि रंग पाहून पैसे मोजत नाही. तो खूर उचलून पाहतो, घोड्याला चालवतो, दुडक्या चालीने पळवतो, कुठला पाय आखडतोय का ते बघतो. आपल्या घरातलं पोर प्लॅस्टर काढून आल्यावर त्याची चाल इतक्या बारकाईने पाहणारा माणूस मला गावात क्वचितच दिसला आहे.

हाड हा पायाचा एक भाग झाला. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात, आणि त्यांना बांधून ठेवणारे बंध, स्नायू, त्यांच्या दोऱ्या वेगळ्याच. शिवाय एक गोष्ट कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. पाऊल जमिनीवर कुठे आणि किती तिरपं पडलं याची खबर घोट्यातून मेंदूकडे सतत जात असते. बांधावर पाय तिरका पडला की आपण विचार करायच्या आत नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू आवळतात आणि घोटा सावरतो. घोटा मुरगळला की ही खबर देणारी यंत्रणाही दुखावते. लंडनमध्ये फ्रीमन नावाच्या शल्यचिकित्सकाने १९६५ मध्ये हे मांडलं. मुरगळलेल्या घोट्यांना त्याने तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले, डगमगणाऱ्या फळीवर उभं राहण्यासारखे, आणि पाय पुन्हा पुन्हा दगा देण्याचं प्रमाण त्याने पुष्कळ कमी झालेलं दिसलं. या गोष्टीला आज साठ वर्षं झाली. तरी आपल्याकडे ‘एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळतोच’ हे दैव म्हणून सांगितलं जातं. मुरगळतो हे खरं आहे. घोटा मुरगळण्याचा सगळ्यात मोठा धोका आधी मुरगळलेल्यालाच असतो. पण त्यामागचं कारण माहीत आहे आणि त्यावरचा उपाय एका पायावर उभं राहण्याइतका साधा आहे.

आता आरामवाल्यांकडे वळतो. त्यांचं म्हणणं पोकळ नाही आणि त्याला मोठा वारसा आहे. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलमध्ये ह्यू ओवेन थॉमस नावाचा डॉक्टर होता. त्याचं घराणं हाडवैद्यांचं, वडीलही हाडं बसवणारे. मोडलेल्या हाडाला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती द्या, हे त्याने आयुष्यभर सांगितलं, आणि ज्या काळात मोडका पाय सरळ कापून टाकत त्या काळात या आग्रहाने कित्येकांचे पाय वाचवले. त्याच वेळी फ्रान्समध्ये ल्युका-शांपियोनिएर हा शल्यचिकित्सक नेमकं उलट म्हणत होता, की हाड मोडलेल्या माणसालाही लवकर हालचाल द्या, नाहीतर हाड जुळेल आणि अवयव निकामी होईल. थॉमसच्या हाताखाली तयार झालेला, त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स, याने १९०२ मध्ये पावलाच्या बाहेरच्या कडेच्या एका अस्थिभंगाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो पाय त्याचा स्वतःचा होता आणि नाचताना मोडला होता. आजही त्या मोडण्याला जोन्सचं नाव आहे, आणि तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने ते हाड जुळायला त्रास देतं. पुढे पहिल्या महायुद्धात याच जोन्सने जखमी सैनिकांसाठी जी रुग्णालयं उभारली, त्यांत कार्यशाळा होत्या. सुतारकाम, शिवणकाम करता करता सैनिकांनी आपले हातपाय पुन्हा कामाला लावावेत म्हणून. विश्रांतीच्या सगळ्यात कडव्या पुरस्कर्त्याच्या घरातच विश्रांतीची मर्यादा ओळखली गेली, ही गोष्ट आपल्या ओट्यांवर पोचायला हवी होती.

नुसतं पडून राहण्याची किंमत किती असते, हे अमेरिकेत डॅलस इथे १९६६ मध्ये मोजलं गेलं. पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं. त्यांची दमाची क्षमता पाव हिश्शाहून अधिक घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने झालेली घसरण तीस वर्षांच्या वाढत्या वयाने झालेल्या घसरणीपेक्षा जास्त होती. त्या तरुणांचं काहीही मोडलेलं नव्हतं. मग पाय मोडला म्हणून दोन-तीन महिने खाटेवर बसवलेल्या मुलाचं काय होत असेल? पाय बांधलेला असला तरी हात, पोट, पाठ, मांडी, दुसरा पाय हे सगळं मोकळं असतं. बसल्या जागी मांडीचे स्नायू आवळता येतात, पाय सरळ ठेवून उचलता येतो, पायाची बोटं हलवता येतात, दंड-खांद्यांचा व्यायाम करता येतो. डॉक्टरने मोडलेल्या भागावर भार टाकू नको म्हटलं, तर ते तंतोतंत पाळावं. पण त्याचा अर्थ घरच्यांनी ‘हलू नको’ असा लावला तर तो चूक आहे.

हाडवैद्यांबद्दल इथेच बोलतो. या माणसांना झोडपणारे लेख पुष्कळ येतात, मला त्यात भर घालायची नाही. दवाखाना लांब, खिशात पैसे नाहीत, अशा वेळी रात्री दार उघडणारा तोच असतो. माझी हरकत दोन गोष्टींना आहे. ताज्या सुजेवर आवळून बांधलेली पट्टी आणि त्याच दिवशी केलेलं जोरकस मालीश. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या तर ती पट्टी तिथल्या तिथे सोडलीच पाहिजे, ती कुणीही बांधलेली असो. आणि मोडलंय की मुरगळलंय हे नुसतं चाचपून ठरवू नये. कॅनडात ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी जे साधे नियम दिले, ते कुणालाही पाठ होतील. दुखापतीनंतर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यावर हाड दुखत असेल. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जे हाड टोचतं तिथे, किंवा आतल्या कडेला कमानीच्या वरच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल. यांपैकी एक जरी खरं असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. बाकीच्यांना बहुतेक वेळा लागत नाही. हे नियम हाडवैद्यांनी आणि आशाताईंनी वापरले तर कित्येक मोडलेले पाय वेळेत दवाखान्यात पोचतील आणि कित्येक घरांचे एक्स-रेचे पैसे वाचतील.

पण आरामवाल्यांपेक्षा आज मला जास्त भीती वाटते ती जिद्दवाल्यांची. कारण ते तरुण आहेत, त्यांच्या हातात मोबाईल आहे आणि त्यांच्याकडे उदाहरणं आहेत. ‘काही व्हत नही रे, पयत ऱ्हाय,’ असं म्हणत सोबती दुखऱ्या पायाच्या पोराला ओढत नेतात. आणि मग ऋषभ पंतचं नाव घेतात. जुलै २०२५, मँचेस्टरची कसोटी. इंग्लंडचा गोलंदाज वोक्स याचा चेंडू पावलावर आदळला, पंत ३७ धावांवर निवृत्त झाला, पावलाचं हाड मोडल्याचं निष्पन्न झालं, आणि दुसऱ्या दिवशी तो लंगडत मैदानात उतरला आणि अर्धशतक करून ५४ वर बाद झाला. ते धैर्य होतं, यात मला शंका नाही. पण ज्याचा दाखला द्यायचा तो पूर्ण द्यावा. त्यानंतर पंत मालिकेची शेवटची कसोटी खेळला नाही. सप्टेंबरचा आशिया करंडक खेळला नाही. वेस्ट इंडीजविरुद्धची घरची मालिका खेळला नाही. तो परतला ऑक्टोबरच्या अखेरीस, तेही आधी भारत ‘अ’ संघाकडून. मधले तीन महिने त्याने पाऊल सांभाळत, भार हळूहळू वाढवत घालवले. ती चित्रफीत कुणी एकमेकांना पाठवत नाही. लंगडत काढलेल्या १७ धावा दिसतात, त्यांच्या मागे असलेलं वैद्यकीय पथक आणि नंतरची तीन महिन्यांची मेहनत दिसत नाही. शिवाय पंत त्या दिवशी लांब पळत नव्हता, जमेल तसं उभं राहून फटके मारत होता. १६०० मीटरच्या धावेत प्रत्येक पाय साडेचारशे-पाचशे वेळा आदळतो आणि दर वेळी त्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने जोर येतो.

सचिन तेंडुलकरचंही आठवा. २००१ मध्ये झिंबाब्वेत त्याच्या पायाच्या अंगठ्याखालचं हाड दुखावलं. मटाराच्या दाण्याएवढं असतं ते. त्यापायी तो श्रीलंकेतल्या कसोटी मालिकेला मुकला. सगळा देश वाट पाहत असतानाही तो थांबला. नोव्हेंबरमध्ये ब्लूमफाँटेनला कसोटीत परतला आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १५५ धावा केल्या.

आणि धावणाऱ्यांना आपल्या मातीतलाच दाखला हवा असेल तर बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा घ्या. महार रेजिमेंटचा जवान. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीने त्याची जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. धावपटूच्या आयुष्यात चार वर्षांनी येणारी संधी गेली. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलचं रौप्य, २०२३ मध्ये हांगझोला आशियाई सुवर्ण. हुकलेली स्पर्धा परत येते. हट्टाने कायमचा बिघडवलेला घोटा परत येत नाही.

जिद्दवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक नसते. दर वेळी हाड मोडायला अपघात लागत नाही. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने लांबच लांब संचलन करणाऱ्या नव्या रंगरुटांचे सुजलेले पाय पाहिले आणि त्यांची नोंद केली. ना कुणी पडलं होतं, ना कशाला धडकलं होतं. एक्स-रेचा शोध लागल्यावर कळलं की चवड्याच्या लांब हाडांना बारीक भेगा गेलेल्या असतात. आपली भरतीची पोरं नेमकी तीच रंगरुटं आहेत. जाहिरात निघते, आणि सहा महिने न पळालेला मुलगा दुसऱ्या दिवसापासून डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटात, रोज दोन वेळ पळायला लागतो. वाढत्या भारापुढे हाड आधी स्वतःचा काही भाग झिजवतं आणि मग नवं, अधिक मजबूत हाड बांधतं. या दोन कामांच्या मध्ये काही आठवड्यांचं अंतर असतं, आणि त्याच आठवड्यांत भेग पडते. चवड्याच्या वरच्या बाजूला एका बोटाने दाबलं की एकाच जागी कळ येते, पळताना दुखणं वाढत जातं, पुढे रात्रीही ठणकतं. एक्स-रे काढला तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यात काहीच दिसत नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, नाटकं करू नको,’ हे वाक्य त्या वेळी उच्चारणारा प्रशिक्षक त्या मुलाची भरती स्वतःच्या हाताने घालवत असतो.

आराम आणि जिद्द यांच्यानंतरची तिसरी हरकत पैशाची आणि चोचल्यांची. ‘फिजिओथेरपी ही क्रिकेटवाल्यांची आणि शहरातल्यांची चैन.’ या हरकतीला काही फिजिओथेरपी केंद्रंच खतपाणी घालतात, हेही सांगितलं पाहिजे. रोज यायला लावायचं, दहा मिनिटं मशीनचा शेक द्यायचा, पैसे घ्यायचे आणि घरी काय करायचं ते शिकवायचं नाही. मजूर बाई चार दिवस रिक्षाभाडं भरून जाते आणि सोडून देते. तिचं काय चुकलं? शेकाने बरं वाटतं, पण शेकाने पोटरी भरत नाही. ज्याने पाय परत येतो त्या कामाला मशीन लागतच नाही. भिंत लागते, घराची पायरी लागते, एक टॉवेल लागतो आणि रोजचा थोडा वेळ लागतो. एकदा नीट शिकवणारा माणूस मात्र लागतो.

ते काम कसं असतं ते सांगतो, म्हणजे चैन आहे की कष्ट ते वाचणाऱ्यानेच ठरवावं. डॉक्टरने भार टाकायला परवानगी दिली की आधी घोट्याची हालचाल. पाय लांब करून बसायचं, चवड्याला टॉवेल अडकवून पाऊल आपल्याकडे ओढायचं, पोटरीत ताण येईपर्यंत. मग भिंतीसमोर उभं राहून गुडघा भिंतीला टेकवायचा, टाच न उचलता. चांगला पाय भिंतीपासून किती लांब ठेवून टेकतो आणि दुखरा किती, हे बोटांनी मोजता येतं. मग चालणं. सावकाश, आरशासमोर किंवा घरातलं कुणी पाहत असताना. टाच, चवडा, अंगठा. हातातली काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि जास्त लंगडतात.

मग टाचा उचलणं. याला मी सगळ्यात वरची जागा देतो. आधी दोन्ही पायांवर, भिंतीला हात लावून. काही दिवसांनी एका पायावर. प्लॅस्टर निघाल्यावर पहिल्यांदा एका पायावर टाच उचलायचा प्रयत्न करणाऱ्याचा चेहरा पाहा. मन हुकूम देतं आणि टाच जमिनीवरून हलत नाही. मांडी थरथरते, बोटं जमिनीला घट्ट धरतात, अंग पुढे झुकतं, आणि टाच तिथेच. आयुष्यभर हजारो वेळा केलेली गोष्ट शरीराला येत नाही, याचा धक्का मोठा असतो. पुष्कळ जण इथेच घाबरून सोडून देतात. सोडू नये. दोन पायांवर वर जायचं, दुखऱ्या एकट्यावर सावकाश खाली यायचं. टाचेच्या वरच्या जाड दोरीचं जुनं दुखणं असलेल्यांसाठी स्वीडनच्या आल्फ्रेडसन या डॉक्टरने १९९८ मध्ये हाच प्रकार पायरीच्या कडेवर उभं राहून करायचा कार्यक्रम मांडला: १५-१५ चे तीन फेरे, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. त्याला स्वतःलाच ते दुखणं होतं. जगभर तो कार्यक्रम वापरला गेला आणि त्याला लागते फक्त एक पायरी.

सोबत तोल. दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं, पुढे डोळे मिटून. घोट्याभोवतीच्या दोऱ्या कातडीखाली सतत हलताना दिसतात, तीच यंत्रणा पुन्हा कामाला लागत असते. पळणं त्याच्या बरंच नंतर. अर्धा तास भरभर चालून दुखत नसेल, एका पायावर टाच उचलणं दुसऱ्या पायाच्या जवळपास तितक्याच वेळा जमत असेल, एका पायावर जागच्या जागी उड्या मारून दुखत नसेल, तेव्हाच. तेही एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, मातीच्या मैदानावर, एक दिवस आड. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर. दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही. आणि रोज सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल टाकताना काय होतं ते पाहायचं. कालच्यापेक्षा जास्त दुखलं, सूज आली, तर आज थांबायचं. इथे एक फरक मनावर कोरून ठेवावा. टाचेवरच्या दोरीचं, स्नायूचं थोडंफार दुखणं सोसून व्यायाम चालू ठेवता येतो. हाडाच्या एका जागी येणारी कळ सोसून पळता येत नाही. ती आली की पळणं बंद आणि डॉक्टर.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. इथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेल असलेल्या मुलाच्या हाडांत जोराच्या कळा येतात, हातपाय सुजतात, घोट्यापाशी न भरणाऱ्या जखमा होतात. कारण नसताना पाय दुखतो म्हणणाऱ्या मुलाला व्यायामाला लावण्याआधी त्याची सिकलसेलची चाचणी झालेली आहे का, हे विचारलं पाहिजे. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच चालू आहे. मधुमेह असलेल्याच्या तळपायाची संवेदना गेलेली असेल तर दुखत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं मानता येत नाही. आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलींबद्दल तर घरात बोललंच जात नाही. भाकरी-भाजीवर रोज मैलोन्मैल पळणाऱ्या मुलीची पाळी बंद झाली तर तो थकवा म्हणून सोडायचा विषय नाही. पोटात पुरेसं जात नसल्याची ती खूण आहे, आणि तिची हाडं भेगा पडण्याच्या वाटेवर आहेत. तिला आधी पोटभर जेवण हवं.

सगळ्यात खरी हरकत शेवटी ठेवली, कारण तिला सोपं उत्तर नाही. मजूर म्हणतो, ‘मी बारा आठवडे व्यायाम करत बसलो तर घरात काय शिजेल?’ भरतीचा मुलगा म्हणतो, ‘यंदा वय संपतंय.’ ही सबब नव्हे, हे संकट आहे, आणि ते ज्याच्या घरात नाही त्याने त्याला धीर धरायचा उपदेश करू नये. पण हिशोब त्यांनाही मांडता येतो. पाय अर्धवट ठेवून कामावर परतलेला मजूर पुन्हा मुरगळतो आणि दुसऱ्यांदा मजुरी बुडवतो. तोवर घोटा कायमचा सैल झालेला असतो. हे व्यायाम कामाच्या आधी-नंतर, शेताच्या बांधावर, घरातल्या पायरीवर होतात, त्यासाठी मजुरी सोडावी लागत नाही. आणि भरतीच्या मुलाला मी सांगेन की भेग पडलेल्या पायाने तू यंदाही पहिल्या फेरीतच बाहेर पडशील, शिवाय पुढची संधी असली तर तीही घालवशील. त्याच्यावरचा खरा उपाय मात्र त्याच्या हातात नाही. जाहिरात आणि मैदानी चाचणी यांच्यात पोरांना हळूहळू तयारी करता येईल इतका नक्की वेळ मिळाला, भरतीचं वेळापत्रक दर वर्षी ठरलेलं असलं, तर निम्मे पाय तुटायचे वाचतील. ही मागणी संघटनांनी करायला हवी. आमदारांच्या दारात रस्ते आणि सभामंडप मागतो तसं हेही मागायला हवं.

म्हणून माझं मागणं स्पष्ट आहे. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्यात प्लॅस्टर काढताना रुग्णाच्या हातात एक कागद द्यावा, मराठीत, चित्रं काढलेला: पायावर कधी आणि किती भार टाकायचा, कुठले व्यायाम करायचे, काय झालं तर लगेच परत यायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला तिथेच एकदा करून दाखवावं. भरतीच्या अकॅडम्या चालवणाऱ्यांनी पाय दुखतो म्हणणाऱ्या मुलाला मैदानाबाहेर बसवण्याऐवजी त्याच्या हाती दुसरं काम द्यावं, गोळाफेकीसाठी दंड-खांद्यांचं, पोटापाठीचं, आणि त्याला घाबरून दुखणं लपवायची वेळ येऊ देऊ नये. आणि घरच्यांनो, प्लॅस्टर काढून आलेल्या पोराला लगेच रस्त्यावर पळायला पाठवू नका आणि खाटेवरही बसवून ठेवू नका. डॉक्टरने भार टाकायला सांगितलं असेल तर त्याला भिंतीशी उभं करा, टाचा उचलायला सांगा, आणि तो अंगणातून चालत जाताना त्याच्या पावलांकडे नीट बघा.